पाळण्यातला परदेशी

आपल्या आजरा तालुक्यातील माणसाला गाव सोडून जाणे नवे नाही. डोंगराळ मुलूख, धो धो पाऊस आणि भावकीत वाटण्या होऊन होऊन हातरुमालाएवढी झालेली शेते. घनसाळ भाताचा वास कितीही दरवळला आणि काजूला कितीही मोहोर आला, तरी सगळ्या भावांची पोटे त्यावर भरत नसत. म्हणून घरटी एखादा तरी मुंबईची वाट धरी, गिरणीत बदली कामगार म्हणून लागे आणि गणपतीला, शिमग्याला गावी येई. १९८२ च्या संपानंतर यातील अनेकांची बिऱ्हाडे परत गावी आली. त्यांची मुले मुंबईत जन्मलेली होती. ती गावी आली तेव्हा रेशनकार्डावर नाव चढवणे आणि शाळेत दाखल्याची व्यवस्था करणे एवढेच काम होते. मूल मुंबईत जन्मले काय किंवा आजऱ्यात जन्मले काय, ते भारताचेच होते.

आज तीच वाट दुबई, दोहा, मस्कत, न्यू जर्सी आणि टोरांटोपर्यंत जाऊन पोहोचली आहे. जाणारा जातो, संसार थाटतो, पाळणा हलतो. आणि कधी नोकरी सुटली म्हणून, कधी म्हाताऱ्या आईवडिलांसाठी, तर कधी मन रमेना म्हणून कुटुंब परत येते. या वेळी मात्र रेशनकार्डाने काम भागत नाही. कारण विमानातून उतरणाऱ्या आईबापांच्या हाती एका देशाचे पारपत्र असते आणि त्यांच्या कडेवरच्या बाळाच्या नावाने दुसऱ्याच देशाचे!

मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी. आमच्या गल्लीतील एका घरी अमेरिकेहून मुलगा, सून आणि आठ महिन्यांची नात अशी तिघे कायमची परत आली. 'तू कायद्याचं शिकतोस न्हवं, जरा बघ' म्हणून मला बोलावणे आले. कागद पाहता पाहता मी म्हणालो, "आज्जी, हिचा व्हिसा अमुक तारखेपर्यंतचा आहे. त्याच्या आत पुढची तजवीज करायला पाहिजे." आजीने नातीला मांडीवर घट्ट धरले आणि मला विचारले, "आमच्या नातीला आमच्याच घरात ऱ्हायला परवाना कशाला लागतोय रं?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर देण्यासाठी मला वर्गातील टिपणे पुन्हा उघडावी लागली, कायद्याची कलमे वाचावी लागली आणि आमच्या प्राध्यापकांना विचारावे लागले. त्या वाचनातून जे हाती लागले, ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माती की रक्त?

जन्मलेले मूल कोणत्या देशाचे, हे ठरविण्याच्या जगात दोन मुख्य रीती आहेत. एक रीत मातीची: ज्या भूमीवर जन्म झाला, त्या देशाचे मूल. दुसरी रक्ताची: आईबाप ज्या देशाचे, त्या देशाचे मूल. अमेरिकेने १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने मातीची रीत घटनेतच घातली, आणि १८९८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने वाँग किम आर्क या चिनी मातापित्यांच्या पोटी जन्मलेल्या माणसाच्या खटल्यात तिच्यावर शिक्कामोर्तब केले. याउलट आखाती देशांत रक्ताची रीत आहे, तीही मुख्यत्वे पित्याच्या बाजूने. एखादा मराठी माणूस दुबईत तीस वर्षे राबला आणि त्याची मुले तेथेच जन्मून तेथेच शिकली, तरी ती भारताचीच राहतात.

या रीती दगडावरची रेघ नव्हेत. इंग्लंडात १ जानेवारी १९८३ पूर्वी जन्मलेले जवळजवळ प्रत्येक मूल ब्रिटिश नागरिक होत असे. त्या दिवसापासून आईबापांपैकी एकजण तरी नागरिक किंवा तेथे कायम वास्तव्याचा हक्क असलेला हवा, असा नियम आला. ऑस्ट्रेलियाने २० ऑगस्ट १९८६ पासून तसेच केले. खुद्द अमेरिकेत २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला की, आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि पिता नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसेल, तर त्यांच्या मुलाला जन्माने नागरिकत्व मानू नये. खालच्या न्यायालयांनी त्याची अंमलबजावणी रोखली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सांगायचे तात्पर्य हे की, बाळाचा देश ठरविताना जन्माची जागा आणि आईबापांचे नागरिकत्व यांच्या जोडीला तिसरी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे जन्माची तारीख.

आपला कायदा काय म्हणतो?

आपला नागरिकत्व कायदा १९५५ चा. भारताने आरंभी मातीची रीत धरली आणि हळूहळू तो रक्ताच्या रीतीकडे सरकला. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंत भारतात जन्मलेले मूल, काही तुरळक अपवाद सोडता, भारतीयच. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आईबापांपैकी एकजण भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून ती आणखी कडक झाली: दोघेही भारतीय हवेत, किंवा एकजण भारतीय असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा.

परदेशात जन्मलेल्या मुलांसाठी चौथे कलम आहे. १० डिसेंबर १९९२ पूर्वी जन्मलेल्या मुलाला केवळ पित्याकडूनच भारतीय नागरिकत्व मिळत असे. आई आजऱ्याची लेक असली, तरी तिच्या नागरिकत्वाला या बाबतीत किंमत नव्हती! त्या तारखेपासून मात्र आई किंवा बाप, कोणीही एक भारतीय असला की पुरे झाले. आपल्या वर्गातील मुलींनी ही तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

यानंतर येते ती आजच्या आईबापांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची अट. ३ डिसेंबर २००४ रोजी किंवा नंतर परदेशात जन्मलेले मूल, त्याचे आईबाप भारतीय असले तरी, आपोआप भारतीय होत नाही. जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याच्या जन्माची नोंद व्हावी लागते. वर्ष उलटून गेले तर केंद्र सरकारची परवानगी लागते. शिवाय, मुलाकडे दुसऱ्या देशाचे पारपत्र नाही, असे आईबापांनी लिहून द्यावे लागते. म्हणजे रक्त भारतीय असले तरी कायदा नोंद मागतो, आणि तीही मुदतीत मागतो.

अशा नोंदीने भारतीय झालेले मूल जन्मभूमीच्या कायद्याने त्या देशाचेही नागरिक असेल तर काय? आपल्याकडे दोन नागरिकत्वे एकत्र नांदत नाहीत. असे मूल सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याने परकीय नागरिकत्व सोडले नाही, तर त्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते.

हा एकाच नागरिकत्वाचा नियम किती धारदार आहे, हे पाहायला फार दूर जायला नको. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीवरून पुढे गेले की गोवा. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६२ च्या आदेशाने तेथील रहिवासी भारताचे नागरिक ठरले. परंतु त्यापूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचा कायदा आजही आपले मानतो. लिस्बनच्या दप्तरी जन्माची नोंद करून अनेक गोवेकर पोर्तुगीज पारपत्रावर युरोपात गेले. मात्र भारतीय नागरिकाने स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतले की, नवव्या कलमानुसार त्याचे भारतीय नागरिकत्व जाते. त्यामुळे एकाच घरात एक भाऊ मतदार आणि दुसरा परदेशी, असे चित्र तेथे नवलाचे राहिलेले नाही.

आखातातून येणारे बाळ

आता प्रत्यक्ष प्रसंग घेऊ. समजा, दुबईला नोकरी करणाऱ्या आजऱ्याच्या जोडप्याला तेथे मुलगा झाला. तेथील कायदा त्याला आपला मानत नाही. म्हणून त्याला भारताशिवाय दुसरा देशच नाही. आईबापांनी आधी तेथील सरकारी जन्मदाखला घ्यावा, मग भारतीय वकिलातीत जन्मनोंद करावी आणि बाळाचे भारतीय पारपत्र काढावे. संयुक्त अरब अमिरातीत बाळाचा निवास परवानाही जन्मापासून १२० दिवसांत व्हावा लागतो, नाहीतर दिवसागणिक दंड चढतो. म्हणजे तेथे दोन घड्याळे एकदम चालू असतात: एक यजमान देशाचे, दुसरे आपल्या देशाचे.

परंतु कधी परतण्याची घाई अशी होते की नोंद राहूनच जाते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले, तेव्हा पुढील काही आठवड्यांत सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना मायदेशी आणावे लागले. अशा वेळी कपड्यांची पेटी सापडली तरी नशीब. कागदांचे काय घेऊन बसलात? आपल्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात, जो १९६९ चा आहे, अशा घरांसाठी एक शहाणपणाची तरतूद आहे. विसाव्या कलमानुसार, परदेशात जन्मलेल्या ज्या मुलाची माहिती वकिलातीमार्फत आलेली नाही, त्याचे आईबाप भारतात स्थायिक होण्यासाठी परतले, तर मूल भारतात आल्यापासून ६० दिवसांच्या आत त्यांना त्याच्या जन्माची नोंद येथे करता येते, जणू ते येथेच जन्मले. साठ दिवस उलटले तर उशिराच्या नोंदीची नेहमीची वाट, म्हणजे शुल्क, कागदपत्रे आणि वरिष्ठांचा किंवा दंडाधिकाऱ्यांचा हुकूम, ही धरावी लागते.

या नोंदीविषयी एक गैरसमज मात्र होऊ देऊ नये. जन्मनोंद म्हणजे नागरिकत्व नव्हे. आधार कार्ड म्हणजेही नागरिकत्व नव्हे. ते रहिवाशाला मिळते, आणि नियमात बसणाऱ्या परदेशी रहिवाशालाही मिळते. चावडीवर, नगरपंचायतीत किंवा शाळेत नाव चढले म्हणून मूल भारतीय झाले, असे समजून घरचे निर्धास्त राहतात आणि मूल अठराचे झाले की पारपत्राच्या किंवा मतदार यादीच्या वेळी अडचण उभी राहते. तेव्हा धावाधाव करणे म्हणजे वरातीमागून घोडे!

अमेरिकेतून येणारे बाळ

आता आमच्या गल्लीतील आजीच्या प्रश्नाकडे वळू. तिची नात अमेरिकेत जन्मली, म्हणून मातीच्या रीतीने ती अमेरिकन. अमेरिकेचा कायदा आपल्या नागरिकाने त्या देशात ये-जा करताना अमेरिकन पारपत्रच वापरावे असे सांगतो. म्हणून बहुतेक आईबाप बाळाचे अमेरिकन पारपत्र काढतात. ते एकदा निघाले की भारतीय वकिलातीत चौथ्या कलमाची नोंद होत नाही, आणि भारताच्या दृष्टीने ते बाळ परदेशी ठरते. त्याला आपल्या आजीच्या घरी येण्यासाठी व्हिसा लागतो. व्हिसाची मुदत असते, आणि मुदत वाढविण्याची कामे विदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडे चालतात. जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम सामान्यतः पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असते. आजीला नवल वाटले ते याचेच.

परदेशी माणसाला सरसकट कायम वास्तव्याचा परवाना देण्याची पद्धत भारतात नाही. २०१६ मध्ये सरकारने तशी एक योजना आणली खरी. परंतु ती कोट्यवधी रुपये गुंतविणाऱ्या परदेशी भांडवलदारांसाठी. पाळण्यातल्या बाळाने दहा कोटी कोठून आणावेत? आपल्यासारख्या घरांतील बाळाला जो मार्ग उपयोगी पडतो तो म्हणजे 'ओसीआय', म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंदणी. या योजनेची कार्डे जानेवारी २००६ पासून देण्यास आरंभ झाला. तिच्या आधीची 'पीआयओ' कार्डांची योजना ९ जानेवारी २०१५ रोजी तिच्यात विलीन झाली. ज्या अज्ञान मुलाच्या आईबापांपैकी एकजण तरी भारतीय नागरिक आहे, त्याला सातव्या 'अ' कलमाखाली हे कार्ड मिळू शकते.

नावात 'नागरिक' असले तरी हे नागरिकत्व नाही, हे पक्के ध्यानात घ्यावे. या कार्डाने बाळाला भारतात आयुष्यभर येण्याजाण्याचा व्हिसा मिळतो, कितीही दिवस राहता येते, आणि पोलिसांकडे नोंदणी करावी लागत नाही. शाळेत जाता येते, पुढे खासगी नोकरी वा धंदा करता येतो, घर घेता येते. परंतु मतदान करता येत नाही, निवडणूक लढविता येत नाही आणि सामान्यतः सरकारी नोकरी मिळत नाही. शिवाय सातव्या 'ड' कलमाखाली सरकार हे कार्ड रद्दही करू शकते.

आपल्या भागातील माणसाला सर्वांत बोचणारी गोष्ट जमिनीची आहे. ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन, मळा किंवा शेतघर विकत घेता येत नाही; आणि कोणी बक्षीसपत्राने दिले तरी घेता येत नाही. वारसाने मात्र येऊ शकते. म्हणजे एखाद्या आजोबांनी प्रेमाने हिरण्यकेशीच्या काठचे चार गुंठे परदेशी नातीच्या नावे बक्षीस करून द्यायचे म्हटले, तर कायदा आडवा येतो. तीच जमीन त्यांच्या पश्चात वारसाहक्काने तिच्याकडे आली, तर सात-बाराला तिचे नाव लागण्यास या नियमाची आडकाठी नाही. हा भेद घराघरांत माहीत असायला हवा.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने असे ठरले की, वैद्यकीय, अभियांत्रिकी वगैरे प्रवेश परीक्षांत ओसीआय कार्डधारकांनी अनिवासी भारतीयांच्या किंवा अधिसंख्य जागांसाठीच स्पर्धा करावी. केवळ भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागांवर त्यांचा हक्क नाही. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ही अट त्या तारखेपूर्वी कार्ड मिळालेल्यांना लागू करता येणार नाही. आज पाळण्यात असलेल्या मुलांना मात्र ती लागू होते. म्हणून आजऱ्याच्याच शाळेत दहावी-बारावी होऊनही अशा मुलीला डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या वेळी आपण वर्गातल्या इतर मुलींहून वेगळ्या आहोत, हे प्रथमच कळण्याची भीती आहे.

मग यावर काही उपाय? आहेत. भारतीय नागरिकांच्या अज्ञान मुलांची नागरिक म्हणून नोंदणी करण्यासाठी पाचव्या कलमात तरतूद आहे; त्यासाठी कलेक्टर कचेरीमार्फत अर्ज जातो. पण तेथे परकीय नागरिकत्वाचा प्रश्न आडवा येतो, आणि अमेरिकेच्या नियमानुसार आईबापांना आपल्या बाळाचे अमेरिकन नागरिकत्व बाळाच्या वतीने सोडता येत नाही. दुसरी वाट अशी की, ओसीआय म्हणून पाच वर्षे पूर्ण झालेल्या सज्ञान व्यक्तीने अर्जापूर्वी बारा महिने भारतात वास्तव्य केलेले असेल, तर ती नागरिकत्वासाठी अर्ज करू शकते. थोडक्यात, बाळासाठी आज ओसीआय कार्ड काढून दार उघडे ठेवायचे, आणि आत येऊन बसायचे की नाही, हा निर्णय ती मुलगी मोठी झाल्यावर स्वतः घेईल.

हे कार्ड असले की सगळे निभावले, असेही नाही. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे सरकारने ओसीआय कार्डावरील प्रवासाची सवलत स्थगित केली. त्याच सुमारास अमेरिकेत अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. एच-१बी व्हिसावरील माणसाची नोकरी गेली की त्याला तेथे जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. ७ मेपासून भारताने आपल्या नागरिकांना आणण्यासाठी विमाने सोडली. पण आईबाप भारतीय आणि तान्हे मूल अमेरिकन, अशा कुटुंबांना विमानतळावर सांगण्यात आले की, तुम्ही जाऊ शकता, बाळ जाऊ शकत नाही! दूध पिते लेकरू मागे ठेवून कोणती माय विमानात बसेल? अखेर २२ मे रोजी सरकारने काही सवलती दिल्या. त्यांत पहिलीच सवलत भारतीय नागरिकांच्या परदेशात जन्मलेल्या ओसीआय कार्डधारक अज्ञान मुलांसाठी होती. ज्या बाळांकडे कार्ड होते, त्यांना हे दार आधी उघडले. या एका प्रसंगातून मला जे उमगले ते असे: आपण कुटुंबाला एक समजतो, कायदा मात्र प्रत्येक माणूस वेगळा मोजतो, मग तो अंगावर पिणारा का असेना.

माहेरचे बाळंतपण

याच्या उलट वाटही आपल्याकडे वाहती आहे. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी रीत. परदेशी गेलेली लेकही सातव्या महिन्यात आजऱ्याला येते, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाराव्या दिवशी बारसे, सारे यथासांग होते. मग बाळाला घेऊन परत जायचे दिवस येतात आणि ध्यानात येते की, आता आपले बाळ त्या देशाच्या दृष्टीने परदेशी आहे.

येथे पहिले काम आपल्याच गावचे. जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत निबंधकाला मिळाली पाहिजे. दवाखान्यात जन्म झाला तर हे काम दवाखाना करतो. तरी दाखल्यातील आईबापांची नावे त्यांच्या पारपत्रावरील नावांशी अक्षरन् अक्षर जुळतात का, हे घरच्यांनी पाहावे. माहेरचे नाव, सासरचे नाव, 'बाई' लावलेले नाव यांचा घोळ पुढे सातासमुद्रापार नडतो. नुसती जन्मनोंद करून बाळाचे नाव नंतर घालण्याचीही सोय कायद्यात आहे. पण पारपत्र काढायचे तर बारसे झाल्या झाल्या नाव चढवून घ्यावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना जन्मतारीख व जन्मस्थळ यांचा पुरावा म्हणून हाच दाखला सर्वत्र लागतो. त्यानंतर बाळाचे भारतीय पारपत्र. त्यासाठी आता पुण्यापर्यंत जाण्याची गरज राहिलेली नाही. कोल्हापूरच्या टपाल कार्यालयातील केंद्रात ते काम होते.

पुढचा भाग त्या त्या देशाचा. आई अमेरिकेची ग्रीन कार्डधारक असेल आणि तात्पुरती माहेरी आली असता बाळ झाले असेल, तर अमेरिकेचा एक नियम फार सोयीचा आहे. बाळ दोन वर्षांचे होण्यापूर्वी, बाळंतपणानंतर ती प्रथमच परत जात असताना तिच्याबरोबर गेले, तर त्याला वेगळा व्हिसा लागत नाही. विमानतळावरच त्याला कायम रहिवासी म्हणून दाखल करून घेतात. बरोबर बाळाचे पारपत्र, आईचे नाव असलेला जन्मदाखला आणि त्याचे इंग्रजी रूप हवे. पण पाहा, 'दोन वर्षे' आणि 'पहिलीच परतफेरी' या दोन्ही अटी आहेत. 'बाळ आजीकडं राहू दे, मी पुढं जाऊन येते' असे म्हणून आई एकटी जाऊन आली, तर ही सवलत हातची जाऊ शकते आणि रीतसर अर्ज करून वाट पाहत बसावे लागते. शिवाय आईनेही वर्षापेक्षा जास्त बाहेर राहू नये. राहायचे तर निघण्यापूर्वीच पुनःप्रवेशाची परवानगी मागून ठेवावी. आई ग्रीन कार्डधारक नसून केवळ बाप असेल, तर माहेरी जन्मलेल्या बाळाला हा नियम लागत नाही.

कॅनडात तशी सवलत नाही. तेथील कायम रहिवाशांचे परदेशात जन्मलेले मूल आपोआप कायम रहिवासी होत नाही. आईबापांनी त्याला पुरस्कृत करून अर्ज करावा लागतो. आणखी एक खाचखळगा असा की, आईबापांचा स्वतःचा अर्ज चालू असताना बाळ झाले, तर ते कॅनडात पाऊल ठेवण्यापूर्वी कळवावेच लागते. न कळविलेल्या मुलाला पुढे कुटुंब म्हणून बोलावता येत नाही, असा तेथील नियम. २०१९ पासून काही कुटुंबांना धोरण म्हणून त्यात सवलत देण्यात आली. पण सवलतीच्या भरवशावर लेकराचे भवितव्य ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

दोन कायद्यांच्या मधली फट

कागद जमले नाहीत तर काय होते, याचे टोकाचे उदाहरण आपल्या शेजारच्या गुजरातेत घडले. २५ जुलै २००८ रोजी आणंद येथे एका जपानी जोडप्यासाठी दुसऱ्या स्त्रीच्या उदरातून एक मुलगी जन्मली. तिचे नाव मांजी. तिच्या जन्माआधीच जोडप्याचा घटस्फोट झाला होता. जपानच्या कायद्याने जन्म देणारी तीच आई, म्हणून मांजी जपानी ठरेना. आणि भारतीय पारपत्र काढायचे तर आई म्हणून कोणाचे नाव लिहायचे, हेच ठरेना. बापाच्या व्हिसाची मुदत संपली आणि तो परत गेला. बाळापाशी राहिली ती जपानहून आलेली आजी. तिला भारताच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. अखेरीस मांजीला ओळखीचा दाखला मिळाला, जपानने माणुसकीच्या नात्याने व्हिसा दिला आणि तीन महिन्यांची ती मुलगी आजीबरोबर घरी गेली. बाळ हसत-खेळत समोर असते, तरी दोन कायद्यांच्या मधल्या फटीत ते कसे अडकू शकते, हे यावरून दिसते.

काय ध्यानात ठेवावे?

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण उद्या परदेशी जातील, काहीजणी लग्न होऊन जातील. जे जाणार नाहीत, त्यांच्या घरी भाऊ, बहीण, आतेमामेभावंडे परत येतील. गावात शिकलेला म्हणून कागद आपल्याच हाती येतील. अशा वेळी तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. बाळ कोठे आणि कोणत्या तारखेला जन्मले? त्या दिवशी आईबाप कोणत्या देशाचे नागरिक होते आणि कोणत्या परवान्यावर राहत होते? आणि कोणत्या मुदतीचे घड्याळ चालू आहे? आपल्या गावच्या नोंदीचे २१ दिवस, परतलेल्यांचे ६० दिवस, अमिरातीतले १२० दिवस, वकिलातीचे एक वर्ष, अमेरिकेची दोन वर्षे. कायदा कठोर वाटतो खरा, पण मुदतीत दार ठोठावणाऱ्याला तो सहसा दार उघडतो.

परदेश सोडण्यापूर्वीच तेथील जन्मदाखल्याच्या दोन-तीन प्रती घ्याव्यात. ज्या देशांनी १९६१ चा हेग करार मानला आहे, तेथे दाखल्यावर 'अपोस्टिल' नावाचा शिक्का मिळतो. भारतातही २००५ पासून तो चालतो. तो तेथे असताना घेणे सोपे, येथून मागविणे अवघड. आईबापांची जुनी पारपत्रे रद्द झाली म्हणून फेकू नयेत, कारण बाळाचा भारताशी असलेला संबंध तीच सिद्ध करतात. आणि नियम बदलत असतात, म्हणून शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी काय केले यावर न विसंबता वकिलातीकडे किंवा कचेरीत विचारून खात्री करावी. शाळेचे मात्र भय धरू नये: २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही.

मुलाचा देश ठरविणे सरकारच्या हाती असते. ते मूल देशाला किंवा गावाला उपरे वाटू नये, याची सोय करणे मात्र घरच्यांच्या आणि आपल्यासारख्या चार बुके शिकलेल्यांच्या हाती आहे. राज्यशास्त्राच्या पुस्तकात नागरिकत्वाची व्याख्या पाठ करताना ती परीक्षेपुरती आहे असे वाटते. परंतु एखाद्या घरी तान्ह्या बाळाच्या दुपट्याशेजारी कागदांची पिशवी ठेवलेली असते आणि सगळे घर आपल्या तोंडाकडे पाहत असते, तेव्हा त्या व्याख्येतील प्रत्येक शब्दाला वजन येते. ते वजन पेलण्याइतके तरी आपण शिकावे.